चित्राने अस्थी कुठे सोडल्या

डब्लिनजवळच्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर चित्रा दमली होती. नुसती ड्यूटीने नव्हे हो. दीड वर्षापूर्वी नवरा गेला, तेव्हापासून दमलीच होती बाई. प्रतापच्या अस्थी स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या कपाटात, चहाच्या डब्यामागे ठेवलेल्या. नाशिकला न्यायच्या म्हटलं की कधी रजा नाही, कधी अंगात त्राण नाही.

त्यात लेक स्वरांगी. मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर त्यांच्या आजोबांची कबर साफ करायला गेली आणि परत येऊन अडून बसली. "डॅडला इथेच ठेव ना, मॉम. व्हेअर डू आय गो टु सी हिम?"

"आपल्यात पुरत नाहीत गं," म्हणून चित्राने विषय झटकला. वाद घालायलाही ताकद लागते.

मग बरोबरच्या डॉक्टरांनी आग्रहाने तिला चीनमधल्या बोटीच्या सहलीला ओढून नेलं. हिने कुणाला न सांगता अस्थींची डबी सोबत घेतली. मोठी नदी सोडून सगळे छोट्या होडीने तिला मिळणाऱ्या एका फाट्यात शिरले. उंच कड्याच्या कपारीत शेकडो वर्षांपूर्वीच्या शवपेट्या! सगळे माना वर करून फोटो काढण्यात दंग, तेवढ्यात चित्राने डबी पाण्यात रिकामी केली. सगळ्या नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात, असं मनाशी म्हणाली. वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटतेय!

दुपारी होडी एका गावाला लागली. मुळ्याच्या वाफ्यांमध्ये मातीचा उंचवटा होता आणि एक म्हातारी त्याच्याभोवतीचं तण खुरपत होती. "तिच्या नवऱ्याची कबर," गाइड म्हणाला. म्हातारीने खुरपं ठेवलं, तिथेच फतकल मारून डबा उघडला आणि जेवायला लागली. चित्राला स्वरांगी आठवली. पोरीने एवढंच तर मागितलं होतं.

डब्लिन विमानतळावर स्वरांगी घ्यायला आली होती. बसची वाट बघता बघता चित्राने सगळं सांगून टाकलं.

पोरगी ओरडली नाही. चक्क मराठीत, शब्द जुळवत म्हणाली, "कुठली नदी? मी जाईन तिथे."

चित्राने फोन चाळला, सहलीचा कागद काढला. त्यावर मोठ्या नदीचं नाव होतं. फाट्याचं नाव तिने कुणाला विचारलंच नव्हतं.