पक्ष्याखालच्या ओळी

पक्षीकाकांच्या घरी चित्र बघण्याआधी वाचावं लागायचं. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांची सुटी झालेली पानं ते जुन्या बाजारांतून आणत. वेलीवर बसलेला पक्षी आणि खाली, त्याच वेलीच्या विळख्यात छापलेली इंग्रजी कविता. कुणी "काय रंग आहेत!" म्हणालं की काका पक्ष्यावर तळहात ठेवत. "आधी ओळी. मग पक्षी."

२००१ साली माझी नोकरी गेली, तेव्हा हर्नडन गावातल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये त्यांनी मला ठेवून घेतलं. त्याच वर्षी डायबेटिसने काकूंची दृष्टी गेली. रोज सकाळी चहा झाला की काका एक पान घेऊन त्यांच्याजवळ बसत, कविता वाचत आणि मग पक्षी कसा बसलाय ते मराठीत सांगत. घरट्यातल्या रॉबिनचं पान काकूंच्या विशेष आवडीचं.

तीन वर्षांनी, ऐन बर्फात काकू गेल्या. काकांनी पानांची पेटी उघडणंच सोडलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी रॉबिनचं पान गुपचूप फ्रेम करायला नेलं. खालचा भाग ओल लागून डागाळला होता, तयार फ्रेममध्ये मावतही नव्हता. "खालचं कट करा," मी दुकानात सांगितलं. ओळी काकांना पाठच असणार, असं धरून चाललो.

मी फ्रेम हातात दिली तेव्हा काकांनी तिच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ओळी कुठायत रे?"

मी सांगितलं. ते हळूच खुर्चीत बसले.

"पाठ तिला होत्या. मी नुसता वाचायचो."

मी दुकानाकडे गाडी पिटाळली. कचरा गेला होता.

काकांनी ती फ्रेम हॉलमध्ये लावली. मला कधी एका शब्दानेही बोलले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "यानं आणली." पाहुण्यांना आधी वाचायला लावणं मात्र बंद झालं.

२००८ मध्ये काकाही गेले. त्यांची मुलगी नेहा शिकागोहून घर आवरायला आली. भिंतीवरची फ्रेम काढताना तिने विचारलं, "दादा, इथे खाली पोएम होती ना? आई फोनवर म्हणून दाखवायची. व्हॉट हॅपन्ड टू इट?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने फ्रेम टॉवेलात गुंडाळली. दारापर्यंत जाऊन ती परत वळली.

"थँक यू, दादा. बाबांसाठी एवढं केलंस."