शिट्टीबाईंकडचं पिल्लू

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. वेलांट्या चुकल्या तर माफी असावी. पण आज हात थांबतच नाहीये, म्हणून या वहीत शिट्टीबाईंबद्दल लिहून टाकते.

बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी निघाली नाही. लग्नाला जायच्या तेव्हा मोत्यांच्या माळेखाली शिट्टी असायचीच. दूधवाल्याला गॅलरीतून शिट्टी, रिक्षाला शिट्टी. मुलुंड पूर्वेला आमच्या भागात कोणाला त्यांचं खरं नाव माहीत असेल असं वाटत नाही. मी त्यांच्याकडे पोळ्या करायचे. त्यांची लॅब्रॅडोर कुत्री राणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसायची आणि मी पोळ्या लाटता लाटता तिच्याशी बोलायचे. माणसांसमोर माझी जीभ अडकते. राणीसमोर नाही अडकायची.

राणीला सात पिल्लं झाली तेव्हा घरी माणसांची रीघ लागली. बाई आधी दाराबाहेरच्या चपला बघायच्या. "ही चामड्याची कितीची? माळ्यावर टाका. दात येतात तेव्हा तो चप्पल, चार्जर, सोफा सगळं चावतो." मग विचारायच्या, दिवसभर घरात कोण असतं? टॉवरमधलं एक जोडपं म्हणालं, "आम्ही कॅमेरा लावलाय ना." बाई म्हणाल्या, "मग कॅमेराच पाळा." एक बाबा मुलाच्या वाढदिवसासाठी आले होते. बाई म्हणाल्या, "वाढदिवसाला केक घ्या. हा बारा वर्षं राहणार आहे. तुमचा मुलगा नोकरीला लागेल तेव्हा हा म्हातारा असेल. त्याला उचलून डॉक्टरकडे कोण नेणार? उचला बघू राणीला." त्या गृहस्थांनी राणीला जेमतेम वीतभर उचललं. राणी त्यांचं तोंड चाटत राहिली.

पिल्लू फुकट नव्हतं. आठ हजार द्यायचे. पण वर्षभराने कुत्रा त्याच घरात असेल, त्याची सगळी इंजेक्शनं झाली असतील आणि तो जाडा नसेल, तर बाई आठच्या आठ हजार परत देत. नाहीतर कुत्राही बाईंचा आणि पैसेही. "फुकट दिलं की लोक गच्चीवर बांधून ठेवतात," असं त्या म्हणायच्या.

मला त्यातलं सगळ्यात पिवळं पिल्लू हवं होतं. हे सांगायला मला अकरा दिवस लागले. पीठ मळता मळता म्हटलं, "बाई, एक मला."

"काय? ऐकू नाही आलं."

"मला एक पिल्लू हवंय."

"अजून मोठ्याने. त्याला हाक मारायचीय तुला, की त्याच्या कानात कुजबुजायचंय?"

पोळ्या करणारी म्हणून त्यांनी मला एकही प्रश्न माफ केला नाही. राणीला उचल म्हणाल्या. मी उचलली. चाळीतली आमची तळमजल्याची खोली बघायला आल्या, लादीवरून पाय घासून म्हणाल्या, "घसरतं, सुमन. वाढत्या वयात घसरला तर मागचे पाय बिघडतात. गोणपाट टाक." दिवसभर घरात सासूबाई असतात हे ऐकून मात्र खूश झाल्या. कानातल्यांसाठी साठवलेले आठ हजार मी त्यांना दिले. आमचे हे म्हणाले, "लोकांच्या बायका सोनं घेतात, माझी कुत्रा घेते." आणि संध्याकाळी स्वतःच दोन स्टीलची भांडी घेऊन आले.

दोन महिन्यांचं होईपर्यंत बाईंनी पिल्लू हलवू दिलं नाही. "किती जोरात चावायचं हे त्याला आई शिकवते. ते मी नाही शिकवू शकत, तूही नाही." मी रोज पोळ्या आटपून त्याच्याजवळ बसायचे. ज्या दिवशी पदराखाली घेऊन घरी आणलं, त्या दिवशी मला भूकच लागली नाही. त्याचं नाव पेढा ठेवलं.

बाईंनी एक गोष्ट बजावली होती, घरात 'नाही' एकच पाहिजे. एकाने नाही म्हणायचं आणि दुसऱ्याने ताटाखालून द्यायचं, असं झालं की लॅब्रॅडोर बिघडला. त्याचं पोट कधी भरतच नाही. नेमकं आमच्याकडे तेच झालं. सासूबाई मालवणच्या. मी कामावर गेले की बांगड्याचं कालवण आणि भात कालवून त्याला भरवायच्या. "तो असो बघता, माका घास गिळवना नाय," म्हणायच्या.

दर महिन्याला बाई पेढ्याला रद्दीवाल्याच्या काट्यावर उभं करायच्या. वर्ष संपायला दोन महिने होते तेव्हा काटा छत्तीसवर गेला. बाईंनी त्याच्या बरगड्या चाचपल्या, सापडल्या नाहीत. "दोन महिन्यांत बत्तीस कर. नाही झाला तर पेढा माझ्याकडे येणार. याच्या सांध्यांचे हाल मला बघवणार नाहीत." त्या उगाच बोलत नसत. टॉवरमधल्याच दुसऱ्या एका घरातून त्यांनी पेढ्याची बहीण परत आणली होती, ती मी पाहिली होती.

मी घरी आले तेव्हा सासूबाईंचा हात पेढ्याच्या तोंडाशी होता.

"नाही," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने की शेजारीण दारात आली. पेढा मटकन खाली बसला. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"माझ्यावर आरडतंस?"

"एकट्या तुमच्यावर नाही आई, दोघांवर. बाई त्याला घेऊन जातील."

तीन दिवस त्या पेढ्याकडे आणि माझ्याकडे पाठ करून जेवल्या. चौथ्या दिवशी पहाटे मी पेढ्याला फिरवायला निघाले, तर त्या चपला घालून दारात. "मी येतंय. तू तेका चालवतंस की नुसता उभा करतंस, ता बघूक." दोन महिने आम्ही तिघं रोज तासभर चाललो. पेढ्याचं जेवण मोजून दोन वेळा, वर एक गाजर. मधल्या एका वजनाला काटा चौतीसच्या खाली उतरेना, तेव्हा सासूबाई रद्दीवाल्याशी भांडल्या. "तुझो काटो खोटो आसा." तो बिचारा म्हणाला, "आजी, याच काट्यावर मी पेपर घेतो." त्या म्हणाल्या, "म्हणानच सांगतंय."

आज वर्ष पुरं झालं. बाई राणीला आणि पेढ्याच्या बहिणीला घेऊन भाच्याकडे नाशिकला कायमच्या चालल्या आहेत. खाली टेम्पो उभा होता, घर रिकामं. जायच्या आधी त्या काट्यापाशी आल्याच. एकतीस किलो आठशे. बरगड्या बोटांना लागल्या. त्यांनी इंजेक्शनांचं पुस्तक पान पान उलटून पाहिलं, शिट्टी फुंकली, पेढा बसला.

मग पाकीट काढून माझ्या हातात आठ हजार मोजले. पूर्ण. माझ्या मुठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता तुझा."

वर्षभर त्यांनी त्याला नुसतं तपासलं होतं, एकदाही कुरवाळलं नव्हतं. पैसे देऊन झाले आणि मग त्या तिथेच रद्दीच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि त्यांनी पेढ्याला पोटाशी धरलं.