व्हिनेगरच्या आईचं सुतक

इंदुरीच्या अंबूबाईंचं आयुष्य पंचावन्न वर्षं मिठावर आणि तेलावर नीट चाललं होतं. त्यात व्हिनेगर आलं ते लोणावळ्याहून. तिथं अनुष्का नावाची मुलगी पर्यटकांसाठी बंगला चालवते. तिनं अंबूबाईंच्या हातचं मिरचीचं लोणचं चाखलं आणि म्हणाली, "मावशी, तेल नको. गाजर-मिरची व्हिनेगरमध्ये घालून द्या. आमच्या लोकांना तेलाची भीती वाटते." भजी खायला पुण्या-मुंबईहून धावत येणाऱ्या लोकांना तेलाची भीती कशी वाटते, हे अंबूबाईंनी विचारलं नाही. तेवढा धंदा त्यांना कळत होता.

वडगावच्या दुकानात व्हिनेगरचा पाच लिटरचा कॅन दोनशे दहाला मिळायचा. दिवाळीला तो अडीचशे झाला, संक्रांतीला तीनशे आणि होळीला साडेतीनशे. दुकानदार दर वेळी नवं कारण सांगे. एकदा लढाई, एकदा डॉलर, एकदा कॅनचं प्लास्टिक. होळीला त्याला कारण सांगायचाही कंटाळा आला. त्यानं नुसतं वर बोट दाखवलं. वर पंखा होता.

"आंबट पान्याला साडेतीनशे?" अंबूबाई म्हणाल्या. "आमच्यात ताक आंबलं तर म्हस बी पीत न्हाई."

यावर अनुष्कानं आधीच तोड काढली होती. तिनं संक्रांतीनंतर एक काचेची बरणी आणून दिली. आत शहाळ्याच्या मलईसारखी एक पांढरी चकती तरंगत होती.

"ही मदर," अनुष्का म्हणाली.

"कुनाची?"

"व्हिनेगरची. हिला उसाच्या रसात सोडा, वर फडकं बांधा आणि अंधारात ठेवा. व्हिनेगर आपोआप होतं. जपा हं मावशी, ती जिवंत असते."

अंबूबाईंनी घरी येताना मदरची आई केली. घरात जिवंत बाईमाणूस आणायचं आणि त्याला 'मदर' म्हणायचं, हे त्यांच्या जिभेला जमेना. रोज सकाळी त्या फडकं उचलून वास घेत आणि "बरी हायेस न्हवं?" असं विचारत. आईनं दोन-अडीच महिन्यांत सहा बरण्या व्हिनेगर दिलं. नातेवाइकांपैकी कुणी इतकं दिल्याची नोंद नव्हती.

मग अनुष्काचा निरोप आला. शनिवारी सलग सुट्ट्या सुरू होतायत, चाळीस बाटल्या हव्यात. जमलं तर पुढं दर महिन्याला चाळीस. नाही जमलं तर ती कारखान्यातलं मागवणार आणि मग कायम तिकडूनच. व्हिनेगर सहा बरण्यांत तयार होतंच. अंबूबाईंनी पोतंभर गाजरं आणली, गावातल्या बचत गटाच्या पाच बायकांना बुधवारी चिरायला बोलावलं आणि मंगळवारी मायेपोटी एक चूक केली.

चाळीस वर्षं ज्या हातानं प्रत्येक लोणच्याला ऊन दाखवलं, त्या हाताला आईचं ते कोपऱ्यात अंधारात बसणं बघवेना. त्यांनी बरणी पत्र्यावर नेऊन ठेवली. कावळ्यांच्या धाकानं झाकणही घट्ट लावलं. चैत्रातलं ऊन होतं. बुधवारी सकाळी आई तळाशी गेलेली दिसली.

अंबूबाईंनी ओट्यावर बसून लोणावळ्याला फोन लावला. शेजारच्या ओट्यावर दत्तोबा दाढी करत होते. गावात कुणाचं काही बरंवाईट झालं की पुढची व्यवस्था दत्तोबा बघतात, त्यांना कुणी नेमलेलं नसलं तरी. त्यांना फोनची अलीकडची बाजू तेवढी ऐकू आली.

"पोरी, आई गेली गं... काल चांगली हुती. आज बघितलं तर काळी पडल्याली... ऊन लागलं, दुसरं काय. मीच नेऊन ठिवली पत्र्यावर... आता काय करू तिला? उकिरड्यावर टाकू व्हय? बरं. आन् बरणी धुऊन घेते."

दत्तोबांनी अर्धी दाढी तशीच ठेवली. अंबूबाईंच्या आई, आक्काबाई, वय चौऱ्याऐंशी, मुक्काम नवलाख उंबरे. उकिरड्याचा भाग दुःखाच्या भरात बोललेला म्हणून दत्तोबांनी सोडून दिला आणि ते कामाला लागले. तासाभरात तीन माणसं टोपी घालून नवलाख उंबऱ्याला मातीला रवाना झाली. गटाच्या बायका आल्या त्या विळ्या घेऊन नाही, तर पिठलं-भाकरी घेऊन. मयताच्या घरी चूल पेटत नाही. पहिला घास शेजाऱ्यांनी आणायचा, त्याला कडू घास म्हणतात. अंबूबाईंना वाटलं, कामाच्या गडबडीत माझी न्याहारी राहील म्हणून आणलं असेल. त्या दोन भाकऱ्या जेवल्या.

"लय मायाळू हुती," एक बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली.

"व्हय गं. सहा बरण्या दिल्या तिनं," अंबूबाई म्हणाल्या. "आता उठा, गाजरं चिरू."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यानंतर जो उलगडा झाला, त्याला अर्धा तास लागला. अंबूबाईंनी बरणी आणून दाखवली, हलवूनही दाखवली.

"व्हिनेगारला आई कुटली?" दत्तोबांनी विचारलं. "आन् आसली तर बा कोन?"

एवढ्यात टोपीवाले तिघं परत आले. आक्काबाई ओसरीवर मटार सोलत होत्या, त्यांनी चहा पाजला, असं तिघांनी सांगितलं. चहा बरा होता.

खरं म्हणजे इथं प्रकरण मिटायला हवं होतं. पण सुतकातल्या हाताचं लोणचं नासतं, हे गटातल्या पाचही जणींना ठाऊक होतं.

"कोन मेलंच न्हाई, तर सुतक कुटलं?" अंबूबाई ओरडल्या.

"मेलं न्हाई, पन कडू घास खाल्लास न्हवं?" पाचांतली सर्वांत थोरली म्हणाली. "घास लागला म्हंजी सुतक लागलं. उद्या चाळीस बाटल्या नासल्या तर लोनावळ्याची पोरगी आमालाच बोलनार."

"दहा दिस थांब," दत्तोबा म्हणाले.

दहा दिवसांनी ऑर्डर कारखान्यात गेलेली असणार होती. अंबूबाई गाजरांच्या पोत्यावर बसून राहिल्या. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा लांबचं गिऱ्हाईक मिळालं होतं आणि ते एका बुळबुळीत चकतीच्या मरणानं जात होतं. एकटीनं पोतंभर गाजरं चिरणं होणार नव्हतं, आणि झालं तरी गावभर ते सुतकातलं लोणचं ठरणार होतं.

गुरुवारी सकाळी रिक्षा थांबली आणि आतून खुद्द आक्काबाई उतरल्या. मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, अशी त्यांची समजूत होती, त्यामुळे त्या खुशीत होत्या. त्यांनी उरलेलं पिठलं चाखलं.

"माझ्या नावाचं हाय व्हय ह्ये? मीठ कमी हाय." मग त्यांनी दत्तोबांना बोलावून घेतलं. "का रं दत्तू, दहा दिस कुनी सांगितलं?"

"रीतच हाय, आक्का."

"ती लेकाला. दिल्या घरच्या लेकीला आई-बाचं सुतक तीनच दिस. एवढी सुतकं पाळलीस आन् ह्ये ठावं न्हाई?"

दत्तोबांनी बोटं मोजली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. ज्या बाईचं सुतक तिनंच हिशेब सांगितल्यावर वाद घालायला जागा उरली नाही. अंबूबाई काही बोलणार होत्या, पण आक्काबाईंनी डोळे वटारले. मेलंच नाही हे सिद्ध करायला महिना गेला असता, मेलं असं मानलं तर तीन दिवसांत सगळं संपत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी अंबूबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, घरात गोमूत्र शिंपडलं आणि व्हिनेगरच्या आईच्या सुतकातून मोकळ्या झाल्या. दिवेलागणीला पाच विळ्या मांडल्या गेल्या. सहावी आक्काबाईंनी घेतली. शनिवारी दुपारी चाळीस बाटल्या लोणावळ्याला पोचल्या. अनुष्कानं एक उघडून गाजराचा तुकडा खाल्ला, पुढच्या महिन्याचा आकडा सांगितला आणि नवी चकती घातलेली बरणी अंबूबाईंच्या हाती दिली.

घरी आक्काबाईंनी बरणी उजेडात धरून बघितली. "हिला सवत म्हन. मेली तर सुतक न्हाई, उलट गोडधोड करता येतं."

अंबूबाईंना ते पटलं. पण सवतीला रोज सकाळी उठून बरी आहेस का म्हणून कोण विचारणार, हेही त्यांना दिसलं. त्यांनी बरणीला फडकं बांधलं, ती पलंगाखाली अंधारात सरकवली आणि दत्तोबांच्या ओट्याकडचं दार लावून घेऊन, हळू आवाजात लोणावळ्याला फोन केला.

"पोचली," त्या म्हणाल्या, आणि कोण पोचली ते न सांगता फोन ठेवला.