वैमानिक : तेच

आमच्या साडभाऊंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू एकटी घरात आणली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साबण घेतले तर दोन कंपन्यांचे दोन, आणि आंघोळीला डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला दुसरा. महिनाभरानं कोणता किती झिजला ते सोनाराच्या काट्यावर तोलायचं. तुरीची डाळ दोन दुकानांतून, दोन पातेल्यांत, दोन शेगड्यांवर. चपलांचे दोन वेगळे जोड घेऊन डाव्या पायात एका जोडाची आणि उजव्या पायात दुसऱ्या जोडाची घालत, आणि पायापायांतही फरक असतो म्हणून पंधरा दिवसांनी उरलेल्या दोन काढत. माझ्या मुलीच्या बारशाला ते असेच आले होते, एक पाय काळा, एक तपकिरी, आणि पाहुण्यांच्या नजरा तिकडे वळल्या तरी त्यांना त्याचं काही नव्हतं. "एकट्या वस्तूची तारीफ करू नाई, साडभाऊ," ते मला म्हणत, "तिच्या बाजूले दुसरी ठेवा, मंग बोला." ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, यावर चहा ओतता ओतता म्हणत, "मले पाहाले आले तवा घरात एकच पोरगी दाखवली. म्हनून माहा निकाल अजून लागला नाई, भाऊजी."

हे मी हसत सांगतो आहे खरा, पण या माणसाची नजर गेली, आणि ती जात असल्याचा पुरावा दोन वर्षं माझ्याच हस्ताक्षरात, माझ्या ताब्यातल्या वहीत पडून होता. म्हणून जसं घडलं तसं, आकड्यांसह लिहितो.

हिंगणीला रस्त्याला लागून त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या विहिरींवरचे जळालेले पंप त्यांच्याकडे येत, आणि ते जुनी तार उपसून नवी तांब्याची तार भरून देत. वेढे मोजताना त्यांच्याशी कोणी बोललं तर ते उत्तर देत आणि मोजणीही चुकत नसे, हे मी स्वतः दहा वेळा तपासलं आहे. नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांनी मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटार काढून थर्माकोलच्या पाटीला पंख लावून उडवली. ती पाटी शेजारच्यांच्या परसात, वाळत घातलेल्या वड्यांवर पडली, आणि त्या दिवसापासून हा माणूस विमानांचा झाला. पुढे दहाएक वर्षांनी हलक्या बॅटऱ्या आणि नव्या प्रकारच्या मोटारी मिळू लागल्या, तेव्हा त्यांनी जेट बनवलं. जेट म्हणजे पुढे पंखा नसलेलं विमान. पंखा पोटातल्या नळीत बसवलेला असतो आणि मागून हवा फेकतो. दूर गेलं की खऱ्या विमानासारखा बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येई. अर्थात जेट एक नव्हतं. एक निळं, एक पांढरं. आकार, वजन, बॅटरी, रेडिओ, सगळं सारखं. फरक एवढाच की निळ्यात मोटार आली तशी परदेशी, आणि पांढऱ्यात तीच मोटार उलगडून साडभाऊंनी स्वतःच्या हातानं पुन्हा गुंडाळलेली. दोनांत सरस कोणतं, एवढाच प्रश्न होता. त्या एका प्रश्नावर आमचे दीडशेच्या वर रविवार गेले.

मला त्यांनी यात ओढलं ते माझ्या नोकरीमुळे. मी धरणावर पाण्याची पातळी लिहायचो. रोज सकाळी पट्टीवरचा आकडा पाहायचा आणि सेंटिमीटरपर्यंत लिहायचा. दिसला तो लिहायचा, वाटला तो नाही. असा माणूस साडभाऊंना स्वप्नातसुद्धा मिळाला नसता. रविवारी सकाळी सातला गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे गुरांच्या मोकळ्या मैदानावर, गुरं जमायच्या आधी, आम्ही उभे राहत असू. आधी विमानाला सुतळी बांधून ती स्प्रिंगच्या वजनकाट्याला अडकवायची आणि मोटार पूर्ण वेगानं सोडून किती ग्रॅम ओढते ते पाहायचं. मग मी विमान हातानं फेकायचो, साडभाऊ हातातल्या रेडिओच्या डब्यानं ते उडवायचे, मी स्टॉपवॉच दाबायचो, आणि ते उतरलं की चुन्याच्या रेघेपासून किती फुटांवर ते टेपनं मोजायचो. साडभाऊंचा एक कायदा होता : "एका बारीले एकच गोष्ट बदलायची. बाकी समदं तेच ठेवायचं." म्हणून वहीत बॅटरी, पंखा, वारा, ओढ, वेळ, अंतर यांच्या शेवटी एक रकाना होता, वैमानिक. त्यात मी दर रविवारी दोनदा, न पाहता, लिहीत असे : तेच.

पहिल्या सहा महिन्यांत एकही विमान पडलं नाही. नंतर पडू लागली. उडायचं छान, वळणावर जायचं, आणि मग क्षणभर कोणी वालीच नसल्यासारखं सरळ जाऊन खाली. साडभाऊ म्हणायचे, "आता होतं ना बाप्पा, गेलं कुठी?" मला वाटे, गंमत करतात. मी पडल्याची जागा वहीत लिहायचो : बाभळीकडे. पुन्हा बाभळीकडे. पुन्हा बाभळीकडे. आखराच्या दक्षिण टोकाला नाल्याकाठी बाभळी होत्या. निळंही तिकडे पडायचं, पांढरंही. साडभाऊंनी पंखा बदलला, एका वेळी एकच. रेडिओची एरियल बदलली. शेपटीची तार बदलली. पांढऱ्यातली मोटार तीनदा उलगडून भरली, कारण आपल्या हातच्या कामावर त्यांचा संशय आधी जायचा. तुटलेली नाकं चिकटवून चिकटवून निळ्याचं वजन अकरा ग्रॅमनं वाढलं, तर बरोबरी राहावी म्हणून पांढऱ्यालाही अकरा ग्रॅम शिसं लावलं.

शेवटी त्यांनी ठरवलं की दोष बाभळींचा. झाडांमुळे वारा तिथे खाली दबतो. हे तपासायचं कसं, तर उलटं उभं राहून. सकाळी ऊन पाठीवर घ्यायला आम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे राहत असू. आता संध्याकाळी पाचला, गुरं गेल्यावर, पूर्वेकडे तोंड करून उडवायचं ठरलं. आठ रविवार तसं केलं. बाभळीकडे एकही विमान पडलं नाही. पडली ती सगळी उत्तर टोकाला, मारुतीच्या देवळाकडे. मी प्रामाणिकपणे लिहिलं : देवळाकडे. पुन्हा देवळाकडे. साडभाऊंनी वही पाहून निष्कर्ष काढला की संध्याकाळी वारा फिरतो, आणि मी मान डोलावली.

आता या जागी मला थांबावं लागतं. मी वहीत डावीकडे किंवा उजवीकडे असं कधीच लिहिलं नाही. धरणावर डावा काठ आणि उजवा काठ हे नदीच्या वाहण्यावरून ठरतात, बघणाऱ्यावरून नाही; बघणारा फिरला की त्याचं डावं-उजवं फिरतं, म्हणून माणसाचं डावं-उजवं नोंदीत लिहायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ती शिस्त मी आखरावरही पाळली. प्रत्येक नोंद खरी होती. एकही आकडा चुकलेला नव्हता.

ताईंनी वही कधी उघडली नव्हती. एका रविवारी आम्ही पांढऱ्याचे तीन तुकडे टॉवेलात बांधून परत आलो. ताईंनी साडभाऊंच्या डाव्या हाताशी चहाचा कप ठेवला. ते बोलता बोलता हात हलवायला गेले आणि कप जमिनीवर. आठवड्यातला हा तिसरा, असं ताई म्हणाल्या, आणि फडकं घेऊन खाली बसल्या. पुसता पुसता वर न पाहता माझ्याशी बोलल्या.

"पंखा बदलून पाह्यला, तार बदलून पाह्यली, आखर फिरवून पाह्यलं. भाऊजी, उडवनारा बदलून पाह्यला काय?"

साडभाऊ हसले. मीही हसलो. टोमणा म्हणून तो चांगलाच होता. पण घरी आल्यावर तो मला जेवू देईना. मी वही काढली आणि एका कोऱ्या कागदावर पडल्याच्या सगळ्या नोंदी पुन्हा उतरवल्या, या वेळी साडभाऊंचं तोंड कुठे होतं ते धरून. पश्चिमेला तोंड, तर बाभळी डावीकडे. पूर्वेला तोंड, तर देऊळ डावीकडे. एकूण एकतीस. त्यांतली सव्वीस डावीकडे. दोन विमानं, दोन मोटारी, दोन वेळा, दोन टोकं. सगळ्यांत सारखी राहिलेली गोष्ट एकच होती, आणि तिच्यासमोर मी दर रविवारी दोनदा सही केल्यासारखं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत ते सांगत होते की नजर चांगली आहे, केसाएवढी तार दिसते, वेढे मोजता येतात. तेही खरं होतं. समोरचं दिसत होतं. कडा जात होत्या, डाव्या बाजूच्या आधी. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, बराच पुढे गेलेला. दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही. गेलं ते परत येणार नाही. थेंब घालून उरलेलं जमेल तेवढं धरून ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. माझ्या वहीतली पडण्याची पहिली नोंद दोन वर्षं आणि एका महिन्यापूर्वीची होती. मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत त्यांना खिडकी दिली. सेलू गेल्यावर त्यांनी विचारलं, डावीकडे पडलेली किती होती म्हणालात. मी सांगितलं, एकतीसपैकी सव्वीस. त्यांनी ते मनात फिरवून पाहिलं.

"मंग विमानात दोष नव्हता," ते म्हणाले. "दोन्ही मोटरी बऱ्या हायेत."

त्या आवाजात खरोखरचा आनंद होता. मी म्हणालो की चूक माझी आहे, मला दिसायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "काऊन? तुमी जे झालं थे लिहिलं. कायदा माहा होता. बाकी समदं तेच ठेवायचं. म्या सोताले बाकीत धरलं." मला वाटतं, मला कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. ताईसुद्धा रागावल्या नाहीत. त्यांनी घरातले कप उजवीकडे ठेवायला सुरुवात केली.

पुढचं एक वर्ष आम्ही आखरावर जात राहिलो. मी त्यांच्या डाव्या खांद्याशी उभा राहून सांगायचो, वळलं, आलं, खाली घ्या. त्या वर्षात विमानं फक्त चारदा पडली, त्यांतली दोन माझ्या उशिरा बोलण्यानं. तशी नोंद आहे. पण नजर आणखी आवळत गेली. कसं दिसतं असं विचारलं तर म्हणायचे, "पंख्याची नळी डोळ्याले लावून पाहा. तेवढं." एक दिवस त्यांनी निळं हातात घेतलं, पोटावरून, शेपटीवरून हात फिरवला आणि म्हणाले की आता ढगात शोधावं लागतं, बस झालं. सरस कोणतं याचा निकाल लागला नाही. पांढऱ्याची ओढ पंधरा ग्रॅमनं जास्त होती आणि निळं वीस सेकंद जास्त उडायचं. दोन्ही दुकानात आढ्याला टांगली.

दुकान ते अजून चालवतात. तार बोटांना कळते, वेढे अजून चुकत नाहीत. रविवारी मी जातो. आम्ही दोनांपैकी एक विमान खाली काढतो, टेबलावर सुतळीनं काट्याला बांधतो आणि मोटार सोडतो. ते डोळे मिटून आवाज ऐकतात आणि ओढ सांगतात. मी काटा वाचतो. गेल्या रविवारी निळं होतं. त्यांनी सांगितलं, सहाशे. काट्यावर पाचशे सत्तर होते, बॅटरी म्हातारी झाली आहे. मी पाचशे सत्तर सांगितले. खोटा आकडा त्यांना चालला नसता, आणि मला लिहिता आला नसता.

"तीसचा फरक," ते म्हणाले. "लिहा. रकाने भरले?"

मी म्हणालो, शेवटचा राहिला. वैमानिक. विमान टेबलाला बांधलेलं, त्यात काय लिहायचं मला कळेना.

"तेच लिहा ना," ते म्हणाले.

मी पेन खाली ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. पंखा थांबला होता, तरी ते आवाजाच्या दिशेला तोंड करून बसले होते. दाढी उजव्या गालावर नीट झाली होती, डाव्यावर थोडी राहिली होती. पायांत दोन चपला, एक काळी, एक तपकिरी. तुलना चालू होती, की सकाळी पायाला लागल्या त्या घातल्या, ते मला कळलं नाही. मी बराच वेळ पाहिलं. मग लिहिलं : तेच.