लई समजूतदार पोरगी

पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर रसवाला मोसंबी सोलत होता. सालीचा कडवट वास नाकात गेला आणि माझ्या हातांच्या मुठी आपोआप वळल्या.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. आई संधिवातानं कित्येक वर्षं अंथरुणावर, बोटं वाकडी झालेली. एका दुपारी सिल्लोडची आत्या तिला बघायला आली, पिशवीभर मोसंबी घेऊन. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढी रीत तिला चोख ठाऊक. मग आईच्या उशाशी बसून ती मोसंबी तिनंच खाल्ली. सोलत होते मी. नखं रक्त येईस्तोवर कुरतडलेली, त्यामुळं रस नुसता झोंबत होता.

आत्याचं लक्ष गेलं. "शी! नखं खाती व्हय गं? पोरीच्या जातीला शोभतं का हे?" एवढे धडधाकट डोळे, आणि त्यांना दिसलं काय, तर वाईट सवय! पुढची फोड तोंडात टाकत ती आईला म्हणाली, "पण लई समजूतदार हाय बघ. रडणं नाय, कुरकुर नाय."

आईनं माझा हात पांघरुणात ओढून घेतला. मला मात्र त्या शाबासकीनं तेव्हा केवढं भरून आलं होतं! आता त्याच शाबासकीची किळस येते.

काल आत्याचा फोन आला. तिची सून वर्षभर अंथरुणावर आहे. "पण नात लई समजूतदार हाय. समदं करती."

रविवारी सिल्लोडला जाणार आहे, रिकाम्या हातानं. आधी त्या पोरीची नखं बघायचीत.