पाहुणीसाठी उचललेल्या गाद्या

सकाळी माझी भावजय इलिसापेता तव्यावर पाव भाजत होती. पुढच्या खोलीत तिची दोन आणि माझी तीन पोरं एकाच हीटरभोवती चिकटून झोपलेली. ऑकलंडच्या थंडीत दुसरा इलाज नव्हता. तेवढ्यात दार वाजलं.

"गाद्या उचला," आई म्हणाली. "पाहुणी दिसतेय."

आम्हा सामोअन माणसांत पाहुण्यासमोर अंथरूण म्हणजे बेअब्रू. बघता बघता गाद्या मागच्या खोलीत गेल्या, पुढे कोरी चटई पसरली. माझ्या तिघांना घेऊन मी गाद्यांच्या ढिगावर बसले आणि दार लोटून घेतलं.

इस्पितळातली मेरेआना सिस्टर होती. वहिनीची लेक सिउला आठवड्यापूर्वीच तिथून घरी आली होती. आधी घसा दुखला, मग ताप येऊन सांधे सुजले, आणि दुखणं हृदयापर्यंत गेलं.

"इंजेक्शन मी दर महिन्याला देईनच, ताई," सिस्टर वहिनीला म्हणाली. "पण दाटीवाटीत एकाचं घशाचं दुखणं दुसऱ्याला लागतं. पुन्हा तसा ताप आला तर हिच्या हृदयाची झडप खराब होईल. गरज असेल तर खाटा, पांघरुणं आम्हीच देतो. इथे किती जण झोपता?"

"आम्ही पाचच," आईने उत्तर दिलं. "बघ की, खोली केवढी मोकळी आहे."

भाडेकरारात आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं अशी पाचच नावं होती. मी पोरांसह राहायला आलेय हे घरमालकाला कळलं असतं, तर सगळेच रस्त्यावर आलो असतो.

इकडे माझा धाकटा खोकला. मी त्याचं तोंड दाबलं, तर मोठी खोकली.

"मागे कोण आहे?"

"मांजर."

"खोकला झालाय वाटतं मांजराला," सिस्टर शांतपणे म्हणाली. "बरं, खाटांची गरज नाही असं सांगते मी तिकडे."

ती उठल्याचा आवाज आला. मग आमचं दार सताड उघडलं. दारात वहिनी उभी होती, सिउलाचा हात घट्ट धरून.

"लाज काढलीस घराची," आई पुटपुटली.

"लाजेचं नंतर बघू, आई. नऊ जण आहोत, सिस्टर. पोरं सगळी एका अंथरुणात. घरमालकाला सांगणार?"

"मी इस्पितळाची आहे, ताई. त्याच्याशी मला काय करायचंय? तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"सिउलाला एक वेगळी खाट द्या."