पान नंबर २१४

माझ्या रिसर्च पेपरमधलं सगळ्यात मोठं खोटं एका बारावी नापास माणसानं पकडलं.

तो माणूस गेला, त्याला आज वर्ष झालं.

बबनभाऊ. पेठला हायवेच्या कडेला त्यांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, ग्रामसभेच्या नोटिसा आणि आम्हा कॉलेजवाल्यांचे थिसिस. आंबेगाव-जुन्नरमधल्या किती प्राध्यापकांच्या पीएच.डी. त्या एका कीबोर्डवरून गेल्यात, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगते.

पेपरच्या शेवटी रेफरन्सेसची यादी असते. कुठली माहिती कुठल्या पुस्तकातून घेतली, लेखक कोण, वर्ष, पान. प्रत्येक जर्नलची तऱ्हा वेगळी आणि नखरे भारी.

भाऊ ती यादी लावायला शिकले लग्नपत्रिकेवरून.

पहिल्या वेळी त्यांनी माझ्या गाईडचं नाव सगळ्यात वर टाकलं होतं. आणि कुठले लेखक हयात नाहीत ते नेटवर शोधून त्यांच्या नावाआधी ‘कै.’ लावलं होतं. इंग्रजी यादीत!

मी हसून हसून बेजार. म्हटलं, भाऊ, इथे फक्त एबीसीडीनं लावायचं.

“म्हंजी मानपान काय न्हाई?”

“नाही.”

“मग रुसवाफुगवी बी न्हाई. लई बरं राव!”

त्यानंतर त्यांची यादी कधी चुकली नाही.

माझा पेपर आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या जुन्या धान्यांवर होता. तो छापून आल्याशिवाय थिसिस जमा करता येणार नव्हता. जर्नलनं कळवलं, पेपर घेतो, आठ दिवसांत रेफरन्सेस आमच्या फॉरमॅटमध्ये द्या.

मी पेनड्राइव्ह घेऊन पेठला गेले.

पेपरात एक वाक्य होतं: गरवी वरई, म्हणजे उशिरा येणारी वरई, या खोऱ्यात आता कोणी पेरत नाही. त्याला आधार एका जुन्या पुस्तकाचा. पान २१४. माझा सगळा निष्कर्ष त्या वाक्यावर उभा होता.

ते पुस्तक मी पाहिलेलं नव्हतं. एका सीनियरच्या थिसिसमधून तो रेफरन्स उचलला होता. हो, उचलला होता.

भाऊंचे हात थांबले.

“मॅडम, हे पुस्तक तुमी बघितलंय?”

“टाका ना भाऊ. सगळ्यांनी टाकलंय.”

“त्येच म्हणतोय. पाचव्यांदा टाकतोय मी ही ओळ. तेच पुस्तक, तेच पान. एकानं बी मला पुस्तक न्हाई दाखवलं.”

“कोण बघतंय?”

“मी बघतोय ना.”

भाऊंनी कीबोर्ड बाजूला सारला.

“पत्रिकेत कुणाचं नाव टाकायचं तर आधी त्याला इचारतो आपण. ह्या पुस्तकाला इचारलं का तुमी?”

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “भाऊ, तुम्ही टायपिंग करा. रिसर्च मी करते.”

हे मी बोलले. आजही आठवलं की मान खाली जाते.

भाऊ चिडले नाहीत. खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, “माझी आय पेरती ती वरई. वर डोंगरात. अवंदा बी पेरलीय.”

“मग चार वेळा टाइप करताना बोलला का नाहीत?”

“पुस्तकात छापलंय म्हणल्यावर वाटलं, आपल्या आयचंच काय तरी चुकत असंल.”

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला लायब्ररीत गेले. पुस्तक मिळालं.

एकूण पानं १८६.

पान २१४ नव्हतंच. दिवसभर बसून अख्खं पुस्तक वाचलं. ते वाक्यही कुठे नव्हतं.

त्या रविवारी भाऊंच्या गाडीवर मागे बसून त्यांच्या गावी गेले. हौसाबाई, त्यांची आई, बांधावर उभी होती. मी विचारलं तर तिनं उताराकडे हात केला.

“ही काय. संपली म्हणत्यात व्हय? मग मी खाती काय, बाय?”

मी पेपर मागे घेतला. गाईड भडकले, थिसिस सहा महिने लांबला. पेपर नव्यानं लिहिला आणि छापून आला. त्यात आता लिहिलंय की गरवी वरई पेरली जाते. आधार: हौसाबाई, प्रत्यक्ष मुलाखत.

तेही भाऊंनीच टाइप केलं. टाइप करून स्क्रीनवरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

“पत्रिकेत आयचं नाव कायम कुणाच्या तरी नावाला जोडून आलं, मॅडम. हितं एकटीचं हाय.”

माझ्या नावामागे आज डॉक्टर लागतं. त्याचा अभिमान आहेच. पण त्याहून जास्त अभिमान याचा आहे की माझी यादी बबनभाऊंनी तपासली होती.

मागच्या वर्षी भाऊ दुकानातच गेले. हार्ट अटॅक.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. वर्षश्राद्धाचं कार्ड छापायचं होतं.

“मॅडम, सासूबाई म्हणत्यात, घरच्यांच्या नावांत तुमचं बी टाकायचं. टाकू का? न इचारता टाकलं असतं तर ह्यांना चाललं नसतं.”

“टाका,” मी म्हणाले.

काल कार्ड हातात आलं. वेगळ्या दुकानात छापलंय. खाली घरच्यांची नावं आहेत, पहिलं हौसाबाईंचं, शेवटचं माझं.

भाऊ, एकेकाला फोन करून खात्री केली. सगळ्यांना विचारूनच नावं टाकलीत.

यादी बरोबर आहे. नमस्कार करते.